चौथा रकाना

नेमिनाथ मगदूमला दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी इमेल येत आणि त्या सगळ्या त्यानं स्वतःच स्वतःला पाठवलेल्या असत.

येरळाकाठ सहकारी गणनसंघाच्या सर्व्हरवर त्याची बावीस ओळींची एक शेल स्क्रिप्ट होती. दर पाच मिनिटांनी ती जागी होई, यंत्रात मोकळी मेमरी किती उरलीय ते पाही, मगदूमला कळवी आणि पुन्हा पडून राही. मोकळी मेमरी आठ टक्क्यांच्या खाली गेलेली असली तर पडण्यापूर्वी ती आणखी एक काम करी. सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला मुखत्यार शोधून त्याला बंद करी. मग इमेलच्या शेवटी एक ओळ वाढे, 'सभासद क्रमांक अमुक यांच्या मुखत्यारास विश्रांती देण्यात आली आहे.' विश्रांती हा शब्द संचालक मंडळानं रीतसर ठराव करून निवडला होता. त्याआधीचा शब्द सभासदांना झोंबत होता.

साल दोन हजार त्रेचाळीस. सरकारी कचेऱ्यांनी माणसांशी बोलायचं सोडून दिल्याला बाराएक वर्षं झाली होती. कचेरीच्या खिडकीत प्रोग्रॅम बसला, तेव्हा खिडकीबाहेरही प्रोग्रॅमच उभा करणं भाग पडलं. सातबारा, वीजजोडणी, पेन्शन, दवाखान्याची वेळ, सगळीकडे घरटी एक मुखत्यार, म्हणजे असाच एक प्रोग्रॅम, सभासदाच्या वतीनं बोले. एकट्यादुकट्याला असलं यंत्र झेपणारं नव्हतं, आणि त्या भागात एकट्याला न झेपणाऱ्या गोष्टीची सोसायटी होते. तशी अकरा वर्षांपूर्वी ही झाली. बावीस हजार सभासद, एक सर्व्हर, एक चेअरमन.

मुखत्याराची खुबी अशी की तो माणूस शिकायचा. नाव-गाव, गट नंबर हे डिस्कवर लिहून ठेवलेलं असे. पण सभासद बोलतो कसा, कुठं अडतो, 'बघू' म्हणाला की त्याचा अर्थ होकार की नकार, ही जी ओळख होते ती शब्दांत नसतेच. ती म्हणजे कोट्यवधी आकड्यांची एक जाळी. क्षणाक्षणाला बदलणारी, आणि मुखत्यार चालू आहे तोवरच मेमरीत जिवंत असणारी. ती डिस्कवर उतरवून ठेवता आली असती. पण माणसाच्या स्वभावाची नक्कल साठवू नये असा खासगीपणाचा कायदा झाला होता, आणि तो कायदा वाईट होता असंही कुणाला म्हणता येत नव्हतं. त्यामुळे विश्रांती मिळालेला मुखत्यार दुसऱ्या मिनिटाला पुन्हा उभा राही, नमस्कार करी, तुमचा गट नंबर बिनचूक सांगे, आणि तुम्हाला ओळखत नसे.

जो सभासद आपल्या मुखत्याराशी जास्त बोले, त्याचाच मुखत्यार आधी फुगे आणि आधी जाई. अकरा वर्षांत लोकांना हे कळून चुकलं होतं. तालुका हळूहळू कमी बोलू लागला.

पद्माक्का तेवढी बोलत राहिली. तीन शब्दांत.

पद्माक्का म्हणजे मगदूमची थोरली बहीण. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं प्राथमिक शाळा चालवली. खुद्द नेमिनाथला चौथीत तीच शिकवायला होती. भाऊ आहे म्हणून तिनं त्याला शंभरातले पाच मार्क कायम कमीच दिले. साडेतीन वर्षांपूर्वी पक्षाघातानं तिची वाचा गेली. उरले ते शब्द तीन : 'तिथं', 'नको' आणि 'घोडा'. घोडाच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. उभ्या आयुष्यात तिचा घोड्याशी संबंध आला नव्हता. पण चहाला घोडा, औषधाला घोडा, शेजारणीच्या सुनेलाही घोडा.

पहिले आठ महिने घरात शांतता होती, आणि ती शांतता आपल्याला मानवली होती हे मगदूमनं कुणाला सांगितलं नव्हतं. मग त्यानं तिच्या उशाशी मुखत्याराचा स्पीकर आणि कॅमेरा लावला. तीनच शब्द, त्यामुळे मुखत्यार सावकाश शिकला. भुवई कुठली उचलली, घोड्यातला 'डा' कुठं तोडला, वेळ काय झालीय. वर्षभरानं एका सकाळी अक्का म्हणाली, "घोडा." आणि स्पीकरमधून एक स्वच्छ बायकी आवाज म्हणाला, "नेमू, आठ महिने तू मला बेचव खिचडी घातलीस. मीठ कुठं असतं हे विचारायची लाज वाटली का?"

तेव्हापासून तुंबलेलं सगळं वाहू लागलं. मगदूम कंटाळला, वैतागला, पण आठाला निघण्याआधी अर्धा तास तो तिच्या खाटेशी बसून बोलणी खाऊ लागला. दुसऱ्या कुणाशी तो एवढं बोलत नसे.

त्या गुरुवारी सकाळी साताच्या इमेलमध्ये आकाराप्रमाणे लावलेली मुखत्यारांची यादी होती. तिच्यात सगळ्यात वर सभासद क्रमांक २११७, पद्मावती मगदूम. आदल्या दिवसापर्यंत तिच्या वर एक घोटीव कीर्तनकार होते. पण ते संध्याकाळी अभय यादीत गेले.

अभय यादी म्हणजे स्क्रिप्टनं ज्यांना हात लावायचा नाही अशांची फाइल. मगदूमनं केली तेव्हा तिच्यात चार नावं होती : दवाखाना, पाणीपुरवठा, वीज, अग्निशमन. आता अकराशे चाळीस होती. चेअरमन शिवगोंडा आप्पांच्या सहीची चिठ्ठी आली की नाव वाढे. आप्पांचे व्याही, व्याह्यांचा पोल्ट्रीवाला, तालमीचे वस्ताद. मागची निवडणूक आप्पांनी 'रस्ता, पाणी, अभय' यावर जिंकली होती. लग्न जमवताना मुलाला अभय आहे का हे विचारत.

मगदूमनं स्वतःच्या नात्यातलं एकही नाव त्या यादीत घातलं नव्हतं. स्वच्छ माणूस ही त्याची एकुलती एक मिळकत होती.

त्यानं अक्काला आकड्यांची हकिगत सांगितली. आज संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा. अकरा वाजता बावीस हजार मुखत्यार एकदमच चारशे पानांचा अहवाल वाचायला घेणार, मोकळी मेमरी बुडणार, आणि पहिला नंबर तिचा.

"घोडा," अक्का म्हणाली.

"चिठ्ठीबिठ्ठी आणशील तर खबरदार," स्पीकर म्हणाला. "मार्क वाढवून मागितल्यासारखं होईल ते."

"मी कुठं आणतोय?"

"तोंड तसं झालंय तुझं."

ऑफिसात फरजाना मुल्ला त्याची वाट बघत होती. मिरजेची मुलगी, संघात लागून तीन महिने झालेले. सभेआधी सगळ्या स्क्रिप्ट वाचून काढायचं काम मगदूमनंच तिला दिलं होतं, कारण ते कुणी करत नसे. तिनं प्रिंट पुढं ठेवली. नवव्या ओळीला पेन्सिलीनं गोल केला होता.

"सर, इथं चौथा रकाना का घेतलाय?"

फ्री ही कमांड दिली की यंत्र आपल्या मेमरीचा हिशेब एका ओळीत मांडतं. चौथ्या रकान्यात फ्री, म्हणजे निव्वळ मोकळी. मगदूमनं सांगितलं, मोकळी किती ते पाहायचंय, म्हणून चौथा.

फरजानानं प्रिंट स्वतःकडे वळवून घेतली. मग तिनं सांगितलं ते असं, की सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सला रिकामी मेमरी बघवत नाही. कुणी वापरत नसेल तर तो तिच्यात अलीकडे वाचलेल्या फाइली पसरून ठेवतो, पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून. पाहुण्यांच्या खाटेवर आपण वाळलेले कपडे टाकतो तसं. खाट मोकळी आहे का? नाही. पाहुणा आला तर त्याला मिळेल का? मिळेल, कपडे उचलले की झालं. हे धरून खरा आकडा सातव्या रकान्यात असतो, अव्हेलेबल म्हणून.

"सातव्यात किती आहे?" मगदूमनं विचारलं. त्याला उत्तर कळलेलं होतं.

"बासष्ट टक्के, सर."

"आणि आजवर?"

"मी जुने लॉग पाहिले. अकरा वर्षांत पन्नासच्या खाली कधी गेलेला नाही."

ही स्क्रिप्ट त्यानं दोन हजार बारा साली, पहिल्या नोकरीत, एका कारखान्याच्या सर्व्हरसाठी लिहिली होती. त्या काळी अव्हेलेबल असा रकानाच नव्हता. तो पुढं दोन वर्षांनी आला. मगदूमनं स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून इकडं आणली, चालली, म्हणून पुन्हा उघडून पाहिली नाही. चालणाऱ्या गोष्टीत हात घालू नये हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण, आणि तो शहाणा म्हणून प्रसिद्ध होता.

दिवसाला सरासरी पाच. अकरा वर्षं. वीस हजार विश्रांत्या. बहुतेक प्रत्येक घरात एकदा, काही घरांत दोनदा, आपल्याला ओळखणारं कुणीतरी एका मिनिटात परकं झालं होतं. खाटेवर कपडे होते म्हणून.

"मी आत्ता बदलते," फरजाना म्हणाली. "चारचा सात करायचा, सर. एक आकडा."

इथं मगदूमनं ती चूक केली जी त्याच्यासारखाच माणूस करू शकतो. "बदल अर्जाशिवाय नाही," तो म्हणाला. चालू सर्व्हरवर काहीही बदलायचं तर नमुना क्रमांक तीन, दोन प्रतींत, कारण आणि परिणाम, खाली चेअरमनची सही. हा नियम त्यानंच केला होता. आणि जिथं आपली बहीण यादीत पहिली आहे, तिथं तर तो मोडायचा नाहीच. लोक काय म्हणतील ते त्याला शब्दशः ऐकू येत होतं.

सभागृहाकडे जाता जाता त्यानं घरी फोन लावून अक्काला सगळं सांगितलं. पलीकडे घोडा ऐकू आला, मग तो आवाज.

"नेमू, आधी दुरुस्त कर. अर्ज मागून कर."

"अक्का, नियम आहे."

"नियम मीच शिकवलाय तुला. मी सांगतेय, आधी दुरुस्त कर."

तो बरं म्हणाला आणि आप्पांना शोधायला गेला.

शिवगोंडा आप्पा व्यासपीठामागच्या खोलीत उप्पीट खात होते. अर्ज त्यांनी सावकाश वाचला, मग पुन्हा वाचला. मगदूमला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"बसा की, मगदूम. म्हणजे टंचाई न्हाईच म्हणता?"

"नव्हतीच, आप्पा. कधीच नव्हती."

आप्पांनी चमचा खाली ठेवला. आपण शिकलेले नाही, रकान्यातलं आपल्याला कळत नाही, असं त्यांनी आधी सांगून घेतलं. कळत असलं की ते नेहमी असंच सुरू करत. मग म्हणाले, टंचाई होती म्हणून माणसं धरून राहिली. ज्याला अभय दिलं त्यानं संघाचं काम केलं, ज्याला नाही दिलं त्यानं आशेनं केलं. उद्या सगळ्यांनाच सगळं आहे म्हटल्यावर या खोलीत कोण येणार?

खिशातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. सही आधीच झालेली होती. नावाची जागा रिकामी.

"अक्काबाईंचं नाव घाला. मास्तरीण होत्या आमच्या पोराच्या. कुणी काय म्हणणार न्हाई."

मगदूमनं चिठ्ठीकडे पाहिलं. खिशात पेन होतं. आठ अक्षरं लिहायला किती वेळ लागतो ते त्याला माहीत होतं, आणि ते नाव फाइलीत घालायला किती लागतो तेही. त्यानं चिठ्ठी बशीखाली सरकवून ठेवली आणि अर्जावर सही मागितली.

"सही मी एकटा कशी करू? सभा सार्वभौम असते," आप्पा म्हणाले. "ऐनवेळच्या विषयात मांडा. मी परवानगी देतो."

मगदूमला हे न्याय्य वाटलं. तो थकला की त्याला बऱ्याच गोष्टी न्याय्य वाटत.

सभागृहात नऊशे खुर्च्या होत्या आणि माणसं पन्नास. बाकीचे सभासद मुखत्यारांमार्फत हजर होते. त्यांचे क्रमांक भिंतीवरच्या पडद्यावर चमकत होते. श्रद्धांजली झाली, मागील सभेचं इतिवृत्त झालं, वस्तादांचा सत्कार झाला. मगदूमच्या खिशातला फोन दर पाच मिनिटांनी थरथरत होता. अकरा टक्के. दहा. नऊ. पावणेबाराला आप्पा म्हणाले, "ऐनवेळचे विषय. मगदूमसाहेब काही सांगणार आहेत." त्यानं फोन बंद करून खिशात टाकला, कारण व्यासपीठावर फोन वाजणं बरं दिसत नाही.

त्यानं सगळं सांगितलं. खाट सांगितली, कपडे सांगितले. चूक माझी आहे, अकरा वर्षं माझीच होती, हे दोनदा सांगितलं. लोक अंगावर येतील, निदान कुणी रडेल, अशी त्याची तयारी होती. पहिल्या रांगेतून तालमीचे वस्ताद उठले आणि म्हणाले, "मग आमच्या अभयाचं काय?"

सगळीकडून तोच प्रश्न आला. कुणी चिठ्ठीसाठी चार वर्षं आप्पांच्या दारात हेलपाटे घातले होते. कुणी तेवढ्यासाठी गट बदलला होता. एका बाईच्या सुनेनं अभय बघून लग्न केलं होतं. एवढं करून मिळवलेली गोष्ट आता उगवणाऱ्या गवतासारखी सगळ्यांना मिळणार? पोल्ट्रीवाल्यानं सूचना मांडली की मेमरी मोजण्याची प्रचलित पद्धत, म्हणजे चौथा रकाना, आहे तशी कायम ठेवावी. वस्तादांनी अनुमोदन दिलं.

मतदान झालं. पडद्यावर आकडे भरू लागले. बाजूनं बाराशे सहा. विरोधात चारशे दहा. बाकीचे वीस हजारांवर मुखत्यार तटस्थ राहिले. ज्याला आपल्या सभासदाचं मन माहीत नाही त्यानं तटस्थ राहावं असा नियमच होता, आणि मन माहीत असलेले मुखत्यार तालुक्यात उरलेच होते किती.

मगदूम क्रमांक वाचत गेला. २११५, विरोधात. २११६, तटस्थ. २११७, तटस्थ.

पद्माक्का आयुष्यात एकदाही तटस्थ राहिलेली नव्हती. शाळेच्या क्रिकेट सामन्यातही नाही.

त्यानं फोन चालू केला. अकरा पंचावन्नची इमेल होती, मोकळी मेमरी सात टक्के, आणि शेवटी ती एक ओळ. पोटभर नम्र ओळ होती. त्यानंच लिहिली होती.

वर जेवणाच्या पंगती बसत होत्या तेव्हा तो सर्व्हरच्या खोलीत गेला. फरजाना उभी राहिली. तिनं लॉग पाहिला होता. मगदूमनं स्क्रिप्ट उघडली. ठरावाप्रमाणे चौथा रकाना त्यानं चौथाच ठेवला. टंचाईची इमेलही तशीच ठेवली. ती उद्याही येत राहील, आप्पा चिठ्ठ्या देत राहतील, लोक हेलपाटे घालत राहतील. मग तो अठराव्या ओळीवर आला. मुखत्यार बंद करणारी ओळ तीच. तिच्या आधी त्यानं हॅशची एक फुली-चौकट टाकली. शेल स्क्रिप्टमध्ये ते चिन्ह ज्या ओळीच्या डोक्यावर बसतं ती ओळ दिसते, वाचता येते, पण काही करत नाही. संघात असे बरेच संचालक होते.

"सर," फरजाना हळूच म्हणाली, "अर्ज?"

"ऐनवेळचा विषय आहे," मगदूम म्हणाला.

तो घरी पोचला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून सांभाळणाऱ्या बाईंनी अक्काला उठवून बसवलं होतं. तिनं त्याला पाहिलं आणि भुवई उचलली.

"घोडा."

"नमस्कार," स्पीकर म्हणाला. "सभासद पद्मावती मगदूम घोड्याबद्दल काही सांगू इच्छितात. आपल्याला पशुधन नोंदणी करायची आहे का?"

अक्कानं स्पीकरकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. दुपारपासून ती हे ऐकत असणार.

मगदूम खाटेच्या कडेला बसला आणि तिला सांगितलं. चिठ्ठी नाही घेतली हे सांगितलं, दुरुस्तीही वेळेत केली नाही हे सांगितलं. नियमानं जाता जाता अकरा पंचावन्न झाले हेही सांगितलं. स्पीकर मधूनमधून घोड्याचं वय आणि रंग विचारत राहिला.

"घोडा," अक्का शेवटी म्हणाली.

"रागावलीस?"

"नको."

"पाणी हवंय?"

"नको."

"मग मीठ?"

तिनं चांगला हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला, चौथीच्या वर्गात पेपर परत देताना ठेवायची तसा. पाच मार्क कमी दिलेल्या पेपरावर. "तिथं," ती म्हणाली, आणि बोट स्पीकरकडे केलं.

त्याला कळलं. तो स्पीकरजवळ सरकला आणि मुखत्याराला म्हणाला की हा घोडा नोंदवायचा नाही. ही तिची बोलण्याची पद्धत आहे. डावी भुवई उचलली असेल आणि सकाळ असेल तर तो चहा असतो. उजवी असेल तर बहुधा मी काहीतरी चुकलेलो असतो. "आभारी आहे," मुखत्यार म्हणाला. "लक्षात ठेवतो." अक्का मोठ्यानं म्हणाली, "घोडा," आणि मुखत्यारानं पहिल्यांदाच नोंदणीबद्दल काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मगदूमनं स्क्रिप्टला तेविसावी ओळ जोडली. तिनं कुणाचं भलंबुरं होत नव्हतं. दर इमेलच्या तळाला सभासद २११७ च्या मुखत्यारानं किती मेमरी घेतलीय तेवढं येई. अकरा वर्षांतली त्याची ही पहिली वशिलेबाजी. वरचा टंचाईचा मजकूर तो आता वाचत नसे. सरळ खालची ओळ पाही.

शुक्रवारी चाळीस एमबी. शनिवारी एक्केचाळीस.

सोमवारी सकाळी सातला चव्वेचाळीस होती. तो खाटेशी गेला, अक्का घोडा म्हणाली, आणि स्पीकर थोडा अडखळत, अजून खात्री नसल्यासारखा म्हणाला, "नेमू. खिचडीत... मीठ?"